शालन भिंगारदिवेचा आठ

शालन भिंगारदिवेनं मोटारसायकलच्या परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा परीक्षेचा आठ तिच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला होता. मागच्या दारातून आत, ओट्याच्या कडेनं, फ्रीजला वळसा घालून पुढच्या दारातून बाहेर, अशी चुन्याची चार बोटं रुंद रेघ. तिचा नवरा भानुदास सकाळी चहा गाळताना ती ओलांडून जायचा. पुसायची नाही, असा नियम होता.

हा आठ मुळात कासारवेढ्याच्या परवाना कचेरीमागच्या मैदानावर काढलेला. ज्याला परवाना हवा त्यानं आठावरून गाडी फिरवायची आणि फिरवताना पाय टेकायचा नाही. टेकला की नापास, आणि त्या पावलाच्या मापानं आठ वाढायचा. म्हणून तर अर्जावर चपलेचा नंबर लिहून घेत. म्हाताऱ्या लोकांनी तो आठ ताटाएवढा पाहिलेला होता. तेव्हा गाड्याही तेवढ्याच असत, म्हणायचे. मग गाव वाढलं, गाड्या वाढल्या, नापास वाढले. आठ मैदानातून बाहेर पडला, बाजारातून गेला, भानुदासच्या शिलाईच्या दुकानात शिरून कापडाच्या गठ्ठ्यांमागून निघाला. आता त्याचा एक गोल गावात होता आणि दुसरा पार माळावर.

शालन जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होती. एकोणीस वर्षं वाड्यावस्त्यांवर जाऊन तिनं गाईम्हशींना टोचलं होतं, अडलेल्या सोडवल्या होत्या. पण ते सगळं दवाखान्यातल्या काळोखेभाऊंच्या गाडीवर मागं बसून. काळोखेभाऊ मार्चमध्ये निवृत्त झाले आणि एप्रिलमध्ये शालनला पत्र आलं. दीड महिन्यात स्वतःचा परवाना काढावा, नाहीतर तिची बदली जिल्ह्याच्या कचेरीत होईल.

"बरंच की," भानुदास म्हणाला. "पंख्याखाली खुर्ची मिळेल."

"म्हशी पंख्याखाली वितात का?" शालन म्हणाली, आणि अत्तारमामांच्या क्लासला नाव घालून आली.

अत्तारमामांनी तीस वर्षं एसटी चालवली होती. आता ते चिंचेखाली लोकांना दुचाकी शिकवत. पहिले तीन दिवस त्यांनी शालनला गाडीवर बसूच दिलं नाही. उलट गाडीच तिच्या घरी आणून सोडली.

"तिला तुझी सवय होऊ दे," ते म्हणाले. "फार बोलू नको तिच्याशी. कामं करताना दिसत राहा."

मोटारसायकल तीन दिवस दिवाणाशेजारी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी शालन मेथी निवडत बसली असताना गाडीनं हँडल हळूच तिच्याकडं वळवलं. शालननं जुडी बाजूला ठेवली आणि मामांना फोन केला.

"वळलं? झालं तर मग. उद्या सातला ये."

मग क्लच आला. शालननं तो पहिल्यांदा दाबला तसं सगळं गाव सुटं झालं. पिठाच्या गिरणीचं चाक नुसतंच फिरू लागलं, दळण पडेना. वाण्याचे ओठ हलत होते पण भाव ऐकू येईना. शालन घाबरली आणि क्लच एकदम सोडून दिला. गावाला असा हिसका बसला, की हॉटेलातला चहा बशीत सांडला आणि वसंत न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या मिशीचं झालं.

"हळू सोड गं बाई!" लोक खिडक्यांतून ओरडले. रागानं नाही, सगळ्यांच्याच घरी कुणीतरी कधीतरी शिकलेलं होतं.

"त्यांच्याकडं लक्ष देऊ नको," मामा म्हणाले. "आणि चाकाकडं बघू नको. जिथं जायचंय तिथं बघ. गाडी डोळ्यांच्या मागनं येते."

ते खरंच होतं. शालननं हॉटेलातल्या जिलबीकडं एकदाच पाहिलं, आणि गाडी पायऱ्या चढून थेट कढईपाशी जाऊन थांबली. तिला अर्धा किलो घ्यावीच लागली. मामांनी तीन वळी खाल्ली आणि म्हणाले, प्रगती आहे.

महिनाभरात तिला गाडी जमली. क्लच इतका अलगद सुटायला लागला, की चहावरची सायसुद्धा हलत नसे. पण तोवर आठही वाढत होता. ओट्याजवळची रेघ आधी झोपायच्या खोलीत गेली, तिथून मोरीत. कुठल्याशा शिबिराची चाळीस पोरं एका दमात नापास झाली, त्या दुपारी ती भिंतीतून पलीकडं सरकून अंगणात गेली. माळावरचा गोल घोडदऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याला जाऊन टेकला. अत्तारमामांनी सायकलला दोरी बांधून मोजलं. अडतीस किलोमीटर भरले.

"एवढा आठ कुणी काढलाय का आजवर?" शालननं विचारलं.

"पुरा? छे. पाय टेकला की लोक गाडी ढकलत घरी जातात."

"आणि तुम्ही?"

"माझ्या वेळी बाजेएवढा होता. झोपल्या झोपल्या काढला."

परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता परीक्षक खंडागळेसाहेब मैदानात होते. आठाच्या दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं त्यांचं टेबल मांडलेलं असे. टेबलावर शिक्का आणि शाईचं पॅड. डावा तळहात मात्र वाकून खाली, चुन्याच्या रेघेवर ठेवलेला. आठावर कुठंही कुणाचा पाय टेकला की त्यांच्या तळहाताला कळायचं. बावीस वर्षं त्यांनी तो हात असाच ठेवला होता आणि डावखुरे असूनही उजव्या हातानं जेवायला, लिहायला, मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला ते शिकले होते.

"नाव?"

"शालन भानुदास भिंगारदिवे."

"चपलेचा नंबर?"

"तो नापासाला लागतो ना साहेब?"

"आधीच लिहून ठेवतो. लोक नंतर रडतात, मग ऐकू येत नाही."

"सहा," शालन म्हणाली. हेल्मेटचा पट्टा लावला, आणि निघाली.

गावातला गोल झक्क झाला. बाजारात लोकांनी टोपल्या मागं ओढल्या. वसंत न्हाव्यानं दुकानातला आरसा फिरवून तिला पुढचं वळण दाखवलं. भानुदास गळ्यात टेप अडकवून दुकानाची दोन्ही दारं धरून उभा होता. ती आत शिरली, गठ्ठ्यांमागून वळली आणि बाहेर पडली. "ओढणी नीट खोच!" एवढंच तो बोलला.

माळ लागला. रेघ सरळ होती, वारा होता. आपण कुणाच्या मागं बसलेलो नाही, हे शालनला तिथं पहिल्यांदा नीट जाणवलं. तिच्यापुढं कुणाची पाठ नव्हती. ती हेल्मेटमध्ये एकटीच हसली.

घोडदऱ्याच्या पायथ्याशी रेघेपासून दहा हातांवर एक म्हैस आडवी पडली होती. तिच्याजवळ अनुसया गायकर उभी होती. वरच्या वस्तीवरची. तिथं रस्ता नव्हता, म्हणून तिनं म्हैस एवढ्यापर्यंत चालवत आणली होती.

"डॉक्टरीणबाई! पहाटेपासनं अडलीय. एकच पाय दिसतोय रेडकाचा!"

"परीक्षा चाललीय माझी, अनुसयाबाई!"

"मग?"

 शालननं क्लच दाबला. माळ सुटा झाला. वारा जागच्या जागी फिरू लागला, अनुसयाचा पदर हवेत राहिला. पण म्हशीच्या कळाही थांबल्या, आणि कळाच नसतील तर रेडकू बाहेर यायचं कसं? तिनं क्लच सोडला. गाडीचा वेग कमी कमी होत गेला. म्हशीनं मान उचलून तिच्याकडं पाहिलं. शालनला पंखा आठवला, पंख्याखालची खुर्ची आठवली. एकोणीस वर्षांत तिनं कधी म्हशीला 'थांब' म्हटलं नव्हतं.

तिनं पाय टेकला.

तिकडं मैदानात खंडागळेसाहेबांनी "टेकला" म्हणून लेखणी उचलली. इकडं शालन गाडी स्टँडवर लावून पिशवी काढत होती. तिनं हात साबणानं कोपरापर्यंत धुतले आणि म्हशीमागं पालथी पडली. रेडकाचा दुसरा पाय गुडघ्यात मुडपून आत अडकला होता. कळ ओसरली तशी तिनं रेडकू हळूच मागं सारलं, खूर मुठीत झाकून घेतला आणि पाय पुढं आणला. मग दोरी हवी म्हणून ती गाडीपाशी गेली. पाणी हवं म्हणून ओढ्यावर गेली. परत आली, पुन्हा गेली. तिच्या प्रत्येक पावलाला जमीन करकरत होती आणि चुन्याची रेघ घोडदऱ्याच्या चढावर सरकत होती. शालनला ते ऐकू येत होतं. मागं वळून बघायला तिला सवड नव्हती.

"आता ओढा! कळेबरोबर ओढा!"

दोघींनी ओढलं. रेडकू सळकन बाहेर आलं, शिंकलं आणि कान झाडून उठायची खटपट करू लागलं. मादी होती, पारडी. अनुसया मटकन खाली बसली आणि हसू लागली. म्हैस पारडीला चाटू लागली.

मग शालननं वर पाहिलं. रेघ पायथ्याशी नव्हतीच. ती चढ चढून घोडदऱ्याला वळसा घालून वरच्या तिन्ही वस्त्यांमधून गेली होती, आणि जिथून गेली तिथं खडक बसून वाट ताटासारखी सपाट झाली होती. वस्त्यांवरची माणसं घरातून बाहेर येऊन रेघेवर पाय ठेवू की नको अशी उभी होती. एक आजोबा वाकून तिचा वास घेत होते.

शालन चढून रेघेपाशी गेली, गुडघ्यावर बसली आणि चुन्याला कान लावला.

"भिंगारदिवेबाई," रेघेतून खंडागळेसाहेबांचा आवाज आला. "दोनशे बारा पावलं. एका माणसाचं एवढं नापास होणं मी बघितलेलं नाही."

"हो साहेब."

"काय झालं?"

"पारडी."



"दोघी बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

"मग निघा. आठ पुरा करून या."

"पण मी नापास ना?"

"नापासाचा शिक्का आठ संपल्यावर. नियमात तसंच आहे, आजवर कुणी वाचलं नाही. आठ संपेपर्यंत तुमची परीक्षा सुरू आहे, आणि परीक्षा सुरू असलेल्याला गाडीवरून कुणी उतरवू शकत नाही. जिल्ह्याला मी तसं लिहून टाकतो, तोवर बदली होणार नाही."

शालननं ते दोनदा ऐकून घेतलं. मग खाली गेली, गाडी ढकलत वर आणली आणि रेघेवर चढवली. वस्त्यांमधून जाताना लोक दोन्ही बाजूंनी ओरडत होते, "आमची शेळी लंगडतीय!" "आमच्या बैलाचा खांदा सुजलाय!" ती मान हलवत म्हणत होती, येते, फिरून येते, इकडूनच तर जायचंय मला.

उतारावरून माळ, माळावरून गाव. मैदान दिसायला लागलं तेव्हा उन्हं कलली होती. भानुदास आणि अत्तारमामा टेबलाशेजारी उभे होते. खंडागळेसाहेबांनी उजव्या हातात शिक्का धरला होता. पण डावा हात त्यांनी, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, जमिनीवरून उचलला होता. उचलला नव्हता, रेघच त्याच्यासकट वर येत होती. एवढा मोठा झालेला आठ आता स्वतःला सपाट छेदू शकत नव्हता. एक रेघ खाली राहिली आणि दुसरी, शालन जिच्यावर होती ती, मैदानापासून सुटून वर निघाली.

"गिअर कमी कर!" मामा ओरडले. "चढ आहे!"

तिनं दुसरा टाकला. इंजिन भरून बोललं. साहेबांच्या बोटांमधून रेघ निसटली, शिक्का तसाच हातात राहिला. भानुदासचा वर केलेला चेहरा, कचेरीचे पत्रे, चिंचेचा शेंडा एकेक करून खाली गेले. पुढं चार बोटं रुंद पांढरी वाट उन्हात चढत होती आणि तिच्यावर मधोमध एक बगळा उभा होता. शालननं हॉर्न दिला. बगळ्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि एक पाय उचलला.