सातवे पान

मी एक जुना, पाय दुमडता येणारा चौरंग आहे. मित्रांनो, कोरियातल्या गुन्सान बंदरातल्या एका सुताराने मला घडवले आणि ओकरानने लग्नात माहेराहून आणले.

सकाळी माझ्यावर भाताचे वाडगे असत. ते उचलले की ओकरान कागद मांडून मुलांसाठी गोष्टी लिही. पण तिला एका जागी बसवत नसे. चार ओळी झाल्या की ती मला खिडकीशी ओढी, मग पुन्हा चुलीजवळ. माझे पाय तेव्हाच ढिले झाले.

आमच्याकडे अंथरूण ओले करणाऱ्या पोराला लाजवायला डोक्यावर धान्य पाखडायचे सूप घालून शेजारी मीठ मागायला धाडत. ओकरानने तीच गोष्ट लिहिली, स्वतःच्या मुलीची, दाल्लेची. पुस्तक देशभर गाजले. वर्तमानपत्रात तिच्यासोबत माझाही फोटो आला. मी फुगून गेलो होतो.

एका दुपारी अकरा वर्षांच्या दाल्लेने शाळेतून येऊन दप्तर माझ्यावर उपडे केले. मिठाच्या पुड्या पडल्या.

"वर्गातल्यांनी दिल्यात."

"अगं, नाव तर बदललं होतं मी."

"गल्ली आपलीच, पडका दात माझाच. मला विचारलं होतंस?"

ओकरानने पुड्या एकेक करून गोळा केल्या. प्रकाशक दुसऱ्या भागासाठी मागे लागले, तिने साफ नकार दिला. पुढे तिने होड्यांवर लिहिले, बगळ्यांवर लिहिले. ती पुस्तके फारशी कुणी घेतली नाहीत. दाल्लेने तर हातही लावला नाही.

दाल्ले नोकरीसाठी सोलला निघाली, त्या आठवड्यात ओकरानने एक हस्तलिखित माझ्यावर ठेवले.

"आपल्या दोघींचं आहे. नको म्हणालीस तर चुलीत घालते."

"आणि प्रकाशकाला कबूल करून बसली असशील तर?"

"कुणालाच सांगितलेलं नाही."

तीन दिवस ओकरान मला घरभर फिरवत राहिली. चौथ्या दिवशी दाल्लेने कागद परत आणले.

"सातवं पान काढ. बाकी छाप."

का, हे ओकरानच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले आणि पान काढून लेकीच्या हातात दिले.

आता ओकरानचे हात थरथरतात, लिहिणे सुटले आहे. मी कपाटामागे धूळ खात उभा आहे. मित्रांनो, कुणाची गोष्ट हाती आली तर ती सांगण्याआधी त्याला विचारा. ते सातवे पान माझ्याच पाठीवर ठेवून लिहिले गेले, त्यातला शब्द न् शब्द मला ठाऊक आहे. पण त्यात काय होते, ते मी तुम्हाला सांगणार नाही.