सुदर्शनचं ओके

या माउली, जरा जवळ सरका, एक गोष्ट सांगतो.

शहरात क्रांती चौकातल्या दुकानात कामाला असलेला सुदर्शन मोबाईलवर सगळ्याला ओके म्हणायचा. पटलं तरी ओके, टाळायचं असलं तरी ओके. गावच्या सप्ताहातून कचरूबाबांनी निरोप धाडला, "उद्या सकाळी माझ्याकडून वीणा घेशील ना?" त्यानं न वाचताच ओके टाकलं.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत; एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी सुदर्शन महाप्रसादाला पोहोचला, तेव्हा म्हातारे कचरूबाबा गळ्यात वीणा घेऊन उभेच होते. पाय सुजले होते.

"दुसऱ्याला का नाय दिली, बाबा?"

"लई जण मागत व्हते. पण तू व्हय म्हणला व्हतास ना, लेकरा. तुझा पहारा दुसऱ्याला कसा देऊ?"

सुदर्शनला मान वर करवेना. तसाच वाकून त्यानं वीणा घेतली.

कुणाला हो म्हणताना कचरूबाबांना तेवढं आठवा.