तिसऱ्यांदा नवीन

दूध काठापर्यंत चढलं तसा द्वारकाबाईंचा हात पुढे गेला आणि त्यांनी गॅस बंद केला. फेस मुकाट्यानं खाली बसला.

"मावशी, राहू द्या की. उतू जायला पायजे," रणजित म्हणाला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. नव्या घरात पाऊल टाकलं की पहिलं दूध उतू घालवायचं, हे त्याच्याही घरी पाळत होते. बारामती एमआयडीसीतल्या या दूध कारखान्याच्या कँटीनचा ठेका आजपासून त्याच्याकडे आला होता. लोणी देवकरला एका कारखान्यात वाढप्याचं काम करत वर आलेला हा इंदापूरकडचा गडी. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालेलं, म्हणून आईनं निघताना बजावलं होतं, आधी दूध, मग बाकीचं. वर घरच्या म्हशीचं दूधही बरोबर दिलं होतं. दुधाच्या कारखान्यात घरून किटली घेऊन येणारा तो पहिलाच माणूस असावा. कँटीनमध्ये वयानं मोठ्या म्हणून त्यानं द्वारकाबाईंना शेगडीपुढे उभं केलं, तेही इतक्या आदरानं की त्याच्यावर रागवावं तरी कसं, हेच त्यांना कळेना.

रागवण्यासारखं कारण मात्र होतं. दूध उतू गेलं की कँटीनमधल्या सगळ्या बायकांच्या नेमणुकीच्या नव्या कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या. कागदात काय आहे ते त्यांच्यातल्याच रेश्मानं कालच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आजपासून सगळ्या नव्यानं रुजू, पहिले सहा महिने तात्पुरत्या, काम पसंत पडलं तर पुढचं पुढे. आधी दोनदा ठेकेदार बदलले तेव्हाही हेच झालं होतं. दारावरची पाटी बदलली, शेगड्या त्याच राहिल्या, पातेली तीच राहिली, नवीन झाल्या त्या फक्त बायका. साठलेल्या रजा बुडाल्या आणि नोकरीची वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजणं आलं. काम तेच, जागा तीच, मग नोकरी मधेच तुटते कशी, असं रेश्मानं काल रणजितला विचारलंही होतं. सगळीकडे असंच चालतं ताई, असं तो गोडीनंच म्हणाला होता.

रेश्मा तरुण होती, तिला कुठेही काम मिळालं असतं. पंचावन्न ओलांडलेल्या द्वारकाबाईंना सहा महिन्यांनी कोण पसंत करणार होतं? ही भीती त्यांना कालपासून खात होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, घरीही नाही.

गॅस बंद करायचं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. आयुष्यभर दूध उतू जाऊ न देणारा हात, तो आपसूक गेला. पण गेला आणि मग त्यांना बोलायचं सुचलं.

"रणजितराव, दूध नव्या घरात उतू घालवत्यात. ही चूल नवी न्हाय. आमी बी नव्या न्हाय. हितं नवं कोण आलं असंल, तर ते तुमी."

कणीक मळणारीचा हात थांबला. रणजित हसला, मग त्याला हसावं की नाही ते कळेना.

"मावशी, कागदावरचं येगळं असतं."

"ठाऊक हाय. म्हणूनच म्हणतेय, जरा दाराबाहेर हुबं ऱ्हावा."

त्यांनी रेश्माच्या डब्यातली भाकरी मागून घेतली, तिचा तुकडा मोडला आणि तांब्या भरला. घरात नवं माणूस यायचं झालं की घरच्या बाईनं भाकरतुकडा ओवाळायचा, हे रणजितला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याची बायको घरात आली तेव्हा आईनं तेच केलं होतं. ओवाळणारी घरची असते आणि उंबऱ्याबाहेर उभं राहणारा नवा, हेही त्याला कळत होतं. म्हणूनच त्याचा पाय उचलेना.

त्यानं बायकांकडे पाहिलं. कुणी रागात नव्हतं, कुणी हलतही नव्हतं. पाळी सुटायची वेळ झाली होती, आता माणसं चहाला येणार होती, आणि चहाची पावडर कुठल्या डब्यात असते हेही त्याला ठाऊक नव्हतं. बगलेतल्या कागदांवर त्यानं एकदा अंगठा फिरवला. मग ते ओट्यावर ठेवून तो बाहेर गेला, बूट काढले आणि उंबऱ्यापाशी मान खाली घालून उभा राहिला.

द्वारकाबाईंनी त्याच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, ओल्या बोटांनी त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं. लेकाच्या वयाचाच होता. त्यांना त्याची मायाच आली.

"या आत," त्या म्हणाल्या. "आता सहा म्हैनं आमी बघतो तुमाला. काम पसंत पडलं तर पुढचं पुढं."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रणजितही हसला, यावेळी मोकळेपणानं. आत येऊन त्यानं ओट्यावरचे कागद उचलले, घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी कोंबले. उद्या दुसरे करून आणतो, म्हणाला. त्यावर जिची तिची पहिल्यांदा रुजू झाल्याची तारीख असंल, रजा बी तशाच ऱ्हातील, आणि ते सहा महिन्यांचं काढून टाकतो. बघून घे बरं ताई, असं रेश्माला वेगळं सांगितलं. रेश्मा म्हणाली, बघणारच हाय.

द्वारकाबाईंनी गॅस पुन्हा पेटवला. दूध चढू लागलं. त्या बटणावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि अगदी काठाशी आलं तेव्हा त्यांनी आच कमी केली. चहा झाल्यावर पहिला कप त्यांनी रणजितच्या हातात दिला. तो दारातल्या बाकड्यावर बसून चहा पिऊ लागला, पाय अजून ओलेच होते.

"मावशी, घरी गेल्यावर आई इचारणार, दूध उतू घालवलं का म्हणून. काय सांगू?"

द्वारकाबाई पुढचे कप मांडत होत्या.

"सांगा, गरज पडली न्हाय," त्या म्हणाल्या. "घरात आधीच माणसं हुती."