भिंगरीची वकील

भिंगरीला कोर्टाने वकील दिला, तेव्हा मी सुनेला म्हटलं, "तेरा वर्षांच्या पोरीला वकील! माझं लग्न ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं, नवरा हवा की नको."

भिंगरी माझी रक्ताची कुणी नाही. तिची आई गेली, तेव्हा कोर्टाने तिला आमच्याकडे सांभाळायला दिली, त्याला तीन वर्षं झाली. पहिला महिनाभर या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरायची, म्हणून हे नाव. आता मला आजी म्हणते, उलट उत्तरंही देते, म्हणजे घरचीच झाली. आणि आता कुठून तरी तिची सख्खी मावशी उगवली. म्हणे भाची मला द्या. पोर कुणाकडे राहणार, ते कोर्ट ठरवणार होतं.

वकीलबाई आली ती पाठीला सॅक लावून. शाळेतून थेट आल्यासारखी. पाणी दिलं, घेतलं नाही. घरी येऊन जो पाणीसुद्धा पीत नाही, त्याच्या पोटात काहीतरी असतं.

"मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय," म्हणाली.

"बोल की. आम्ही काय परके आहोत?"

"आजी, मी तुमची वकील नाही. मावशीचीही नाही. फक्त तिची. तिला काय हवंय, ते मी कोर्टात सांगणार."

"तिला काय हवंय, ते तिला तरी कळतं का?"

"तेच विचारायला आलेय."

आणि दार लावून घेतलं. माझ्या घरात, माझ्याच खोलीचं! मी सुनेला तीनदा आत पाठवलं. आधी चहा, मग बिस्किटं, मग रिकामी कपबशी आणायला. तिन्ही वेळा आतलं बोलणं बंद. वकीलबाई गेल्यावर भिंगरीला विचारलं, "काय विचारत होती?"

"शाळेचं."

तासभर शाळेचं? मला काय दुधखुळी समजतात? ही बाई मावशीला सामील आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

मग मीही कंबर कसली. रोज शाळेतून आली की पोरीला समोर बसवायची. "कुठे राहायचंय विचारलं, तर काय म्हणायचं? मला इथेच राहायचंय, मावशी तीन वर्षं काय झोपली होती? म्हण बघू." ती म्हणे, "आजी, नको ना." मी सोडलं नाही. आठ दिवसांत तोंडपाठ झालं.

कोर्टाची खोली एवढीशी. न्यायाधीशबाईंनी विचारलं आणि भिंगरीने घडाघडा म्हणून दाखवलं, तेही माझ्यासारखा कमरेवर हात ठेवून. मावशीचा वकील टकलू, गालातल्या गालात हसला. "बाईसाहेब, हे शब्द या मुलीचे आहेत का? पढवून आणलीय. हिचं म्हणणं धरू नये."

आमची वकीलबाई उठली. म्हणाली, "शब्द तिचे नसतीलही. पण म्हणून तिला स्वतःचं म्हणणंच नाही, असं होत नाही. तिला एकटीला विचारा. आणि पढवलं का, ते आजींनाच विचारा."

केला घात! मला वाटलंच होतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभ्या जन्मात कुणापुढे चुकले म्हटलेलं नाही, सासूपुढेसुद्धा नाही. 'नाही' हा शब्द अगदी ओठांवर होता. पण मी नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न भिंगरीला होता. ती माझ्यासाठी खोटं बोलली असती, आणि मग तिच्या खऱ्या शब्दालाही कुणी विचारलं नसतं.

"पढवलं," मी म्हटलं. "आठ दिवस. ती नको म्हणत होती. आता तिलाच विचारा, आम्ही बाहेर थांबतो."

बाहेर एकच बाक. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मावशी. तिच्या चपलेचा अंगठा पिनेने जोडलेला. दया यावी म्हणून मुद्दाम घालून आली असेल, असंही मनात आलं.

बऱ्याच वेळाने आत बोलावलं. भिंगरी माझ्याकडेच राहणार. पण शाळेच्या सुट्ट्या मावशीकडे.

बाहेर आल्यावर मी वकीलबाईला गाठलं. "सुट्ट्या कुणी मागितल्या?"

"ती आत काय बोलली, ते मी सांगू शकत नाही, आजी."

भिंगरी जमिनीकडे बघत उभी. म्हणजे तिनेच मागितल्या. तीन वर्षं माझ्या पंखाखाली वाढली, पण मावशी हवी असं माझ्याजवळ बोलायची तिची हिंमत झाली नाही. बोलली ती त्या सॅकवालीपाशी.

मावशी जवळ आली. "आजी, पाठवाल ना सुट्टीत?"

"कोर्टाने सांगितलंय म्हटल्यावर पाठवणारच." मी पुढे निघाले. मागे वळले. "तिला अंधारात झोप येत नाही. दिवा चालू ठेवावा लागतो. चिडली की जेवत नाही, मागे लागायचं नाही, घटकाभराने आपणहून येते. ऐकतेस ना?"

"हो, हो."

"हो हो करू नकोस. लिहून घे. उद्या म्हणशील, म्हातारीने सांगितलंच नाही."