खंडूचं विखंडन

सही झाली आणि माझा डावा हात मेव्हण्याच्या, म्हणजे खंडूच्या, उजव्या हातात विरघळला. खांद्यापासून बोटांपर्यंत दोघांत मिळून एकच हात उरला. करार टेलरिंगचं दुकान भागीदारीत काढायचा होता. मी डावरा, खंडू उजवा, म्हणजे दोघांचाही कापड कापायचा हात नेमका तोच. तीन महिने त्या हाताने आम्ही ब्लाउज बेतले, एकमेकांना चिमटे काढले, आणि शेवटी करार मोडायला कचेरीत गेलो.

खिडकीत टिपणीसबाई होत्या. अर्ज बघून म्हणाल्या, याला विखंडन म्हणतात.

"यात माझं नाव कसं?" खंडूने विचारलं.

"वि म्हणजे विना," मी म्हटलं. "तुझ्याविना."

बाई हसल्या नाहीत. खंड म्हणजे तुकडा, विखंडन म्हणजे तुकडे करणं, असं त्यांनी समजावलं. इंग्रज साहेबांच्या कायद्यात यासाठी असलेला मूळ लॅटिन शब्दही कापण्याचाच आहे. वकील लोक तो वापरण्याआधी धुऊन घेतात. एकदा कापलं की करार कधी झालाच नव्हता असं धरायचं. त्या एकेक कलम वाचत गेल्या तशा भिंती वीतवीत आत सरकल्या. वाचून संपलं तेव्हा आम्ही दोघं, बाई, टेबल आणि कागद कापायचं मशीन एवढ्यापुरतीच जागा राहिली.

रेघ तुम्हीच मारा म्हणून बाईंनी खडू दिला. खंडू शिंकला तेवढ्यात मी माझ्या उजव्या हाताने रेघ ओढली, थेट त्याच्या खांद्यावरून, वर दोन बोटं मार्जिन सोडून. हात अख्खा माझ्याकडे.

खंडूने रेघेकडे बघितलं. "दाजी, ताईला काय सांगाल?"

"तू घाईत होतास म्हणेन."

बाईंनी रेघ मशीनच्या पात्याखाली घेऊन दांडा दाबला. हाड पहिल्या दाबात मोडलं नाही, म्हणून त्या दांड्यावर बसल्या. रक्त छताला लागलं. खंडू भिंतीवरून घसरत खाली बसला, मग आडवा झाला, मग हलायचा थांबला. मी बोटं हलवून पाहिली. पाचही हलली. मला हसू आवरेना.

"कापून मिळाल्याची सही," बाई म्हणाल्या.

हाताने पेन उचललं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: खंडेराव निकुंभ. बाईंनी ती करारावरच्या सहीशी ताडून पाहिली. जुळली.

"मग खाली पडलाय तो कोण?"

मी नाव सांगायला तोंड उघडलं. हाताने तोवर फायली शिवायच्या दाभणात दोरा ओवून टोक माझ्या ओठांवर टेकवलं होतं.