निळं टोपण

दाजींनी उभं आयुष्य लोकांची वजनं-मापं तपासण्यात घालवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तराजू दिसला की त्यांचं बोट आपसूक पारड्याकडे जायचं. एक टिचकी मारायची, आणि मग काट्याकडे न बघता दुकानदाराच्या डोळ्यांत बघायचं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला घेतला, तेव्हा यंत्र उलटं करून त्याच्यावरची तारीख वाचणारा हा माणूस. त्याच्या गाडीच्या एसीचा गॅस तिसऱ्यांदा संपला होता. आता बोला!

"संपला म्हणजे गेला कुठे?" गॅरेजच्या दारातूनच त्यांनी विचारलं.

"दाजी, आधी आत तरी या," मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला. "फैलावर घ्यायचंच असेल तर सावलीत घ्या."

मिस्त्री म्हणजे दाजींचा धाकटा मेहुणा. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला. आजही ती त्याला 'छोट्या' म्हणायची आणि तोही, केस पिकले तरी, त्या हाकेला धावत यायचा.

ताई म्हणजे दाजींची बायको. दोन वर्षांपूर्वी ती कामाला होती त्या लाँड्रीतल्या बॉयलरची वाफ अंगावर आली आणि तिची पाठ, खांदे, दोन्ही हात भाजले. देवाच्या दयेने वाचली. पण जिथे नवी कातडी लावली तिथे घाम येईना. घाम नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, "उन्हाचा प्रवास करायचाच असेल तर गार गाडीतून करा. नाहीतर घरीच बसा."

आणि आता सहा तासांच्या अंतरावर लेकीचे दिवस भरत आले होते. ताईने दोन वर्षांत घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, पण यावेळी तिने बॅग भरून दाराशी ठेवली होती. "पोरगी पहिल्यांदा आई होतेय. मी तिच्या उशाशी असणार म्हणजे असणार." रात्री निघावं, तर समोरच्या दिव्यांनी दाजींच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. भाड्याच्या गाडीत ताईला पाठ टेकता यायची नाही. या गाडीची पुढची सीट पार आडवी होईल अशी मिस्त्रीनेच कापून, जोडून दिली होती.

पहिल्यांदा गॅस गेला तेव्हा पाइपच्या जोडावरची रबरी रिंग सुकलेली निघाली. मिस्त्रीने ती दाजींच्या तळहातावर ठेवून दाखवली. पटलं. पण नवी रिंग घालून भरलेला गॅस आठवड्यात गेला. पुन्हा भरला, पुन्हा गेला. आणि या दोन्ही वेळी दाखवायला मिस्त्रीच्या हातात काहीच नव्हतं.

दाजींच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

मागच्या रविवारी मिस्त्री स्वयंपाकघरात ताईला सांगत होता, "ताई, जाऊ नकोस. वाटेत काही झालं तर? पोरीलाच इकडे बोलव." दाजींनी ते बाहेरून ऐकलं होतं. तेव्हापासून ते एकेक गोष्ट जोडत होते. हा गॅरेजमध्ये आपल्याला बघून बोलायचं थांबतो. पाना उचलतो, परत ठेवतो. 'बघू, बघू' म्हणतो. तीस वर्षं काटा मारणाऱ्यांचे चेहरे वाचलेत आपण. हा गाडी मुद्दाम नादुरुस्त ठेवतोय. प्रेमापोटी असेल, पण ठेवतोय.

गाडी तपासायची सवय तर दाजींना रिंग बदलल्यापासूनच लागली होती. आता त्यांनी तिचा पहारा केला होता. गाडी रोज तपासायची, म्हणजे चोरी कुठल्या दिवशी होते ते कळेल.

"आज मी इथून हलणार नाही," स्टूल ओढून बसत ते म्हणाले. "काय करायचं ते माझ्यासमोर कर."

"बसा की. शटर तेवढं खाली ओढतो."

"शटर कशाला?"

"अंधार लागतो. मागच्या वेळी गॅसबरोबर रंग सोडलाय आत. जिथून गळत असेल तिथे या बॅटरीच्या उजेडात हिरवा चमकेल."

"रंग सोडलास? आणि मला बोलला नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही डबीवरची तारीख मागितली असती."

दाजींच्या मनात नोंद झाली. हा न सांगता गोष्टी करतो.

शटर खाली आलं. मिस्त्रीने पिवळा चष्मा चढवला, दुसरा दाजींना दिला. बॅटरीचा जांभळा उजेड बॉनेटखाली सरकू लागला. पुढच्या जाळीवर काही नाही. काँप्रेसर कोरडा. जोडांवर बोट फिरवून, आरसा घालून मागची बाजूही बघितली. सगळं स्वच्छ. दाजींची नजर पाइपांवर नव्हतीच. ती मिस्त्रीच्या तोंडावर होती.

"नाही ना सापडत?" ते म्हणाले. त्यात थोडा विजयही होता.

"थांबा." मिस्त्रीने गॅस भरायच्या व्हॉल्व्हचं निळं टोपण फिरवून काढलं. आत गर्द हिरवं चमकलं. टोपणाच्या आतल्या बाजूलाही हिरवं. "हे बघा! व्हॉल्व्हची पिन नीट बसत नाहीये. कडेला कचराही अडकलाय. पण इथे कचरा येईल कसा? टोपण तर मी घट्ट लावलं होतं. हे कुणीतरी उघडलंय, दाजी. एकदा नाही, बऱ्याचदा."

"कुठे? बघू," म्हणत दाजींनी बोट पुढे केलं.

आणि त्यांच्या अंगठ्याचं नख उजेडात हिरवं पेटलं.

दोघेही त्या नखाकडे बघत राहिले. मिस्त्रीने बॅटरी हळूच वर नेली. बाहीची कड हिरवी. आणखी वर, शर्टाच्या खिशात अडकवलेल्या पेनचं वरचं टोक, काजवा बसावा तसं.

मिस्त्रीचा आवाज बदलला. "म्हणजे तुम्ही? तुम्हालाच ताईला न्यायचं नव्हतं?"

"काहीतरी बरळू नकोस! मी फक्त बघत होतो, गॅस आहे का ते."

"कसा बघत होतात?"

"टोपण काढायचं, पेनाने पिन दाबायची. फुस्स झालं की आहे."

"कितीदा?"

"सकाळी."

"रोज?"

"आणि संध्याकाळी," दाजी अगदी हळू म्हणाले.

"अहो दाजी! फुग्यात हवा आहे की नाही हे कुणी टाचणी टोचून बघतं का? दर वेळी गॅस सोडलात, आणि पेनाचा कचरा आत ढकललात तो वेगळाच. पिन बसणार कशी?" मिस्त्री हसायला लागला होता, पण दाजींचं तोंड बघून थांबला. "आणि एवढा पहारा कुणावर?"

दाजींनी चष्मा काढून हातात धरला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांकडून कबुल्या घेतल्या होत्या. "तुझ्यावर. वाटलं, ताईने जाऊ नये म्हणून तूच..."

अंधारात पंखा तेवढा कुरकुरत होता. मिस्त्री खाली वाकून हत्यारं चाचपत राहिला. हवं ते हाताशी असूनही.

"मनात आलं होतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पहिली रिंग बदलताना वाटलं, जोड थोडा सैल ठेवावा. ताईला काही झालं तर मला कोण आहे? पण त्या दुपारी तिने माझ्यासाठी डबा पाठवला. जेवल्यावर हात धजावला नाही."

दाजी काही बोलणार तोच फोन वाजला. ताई होती. आवाज इतका मोठा की मिस्त्रीलाही ऐकू गेला. "अहो, तिला दवाखान्यात नेलंय! आठ दिवस आधीच! मी निघालेय गॅरेजवर यायला."

"उन्हातून येऊ नकोस!" दोघेही एकदम ओरडले. पण फोन बंद झाला होता.

मिस्त्रीने शटर वर केलं. "तासभर द्या. पिन बदलतो, आतली हवा खेचून काढतो, गॅस भरतो. आणि दाजी, बोटं खिशात."

दाजी खरोखरच खिशात हात घालून बसले. पंप घरघरत होता. घड्याळाचा काटा पुढे सरकला की ते उठायचे आणि मिस्त्रीने बघितलं की खाली बसायचे.

ताई आली ती मानेवर ओला पंचा, डोक्यावर छत्री, चेहरा लालबुंद. मिस्त्रीने तिला पंख्यासमोर बसवलं, पाणी दिलं. घोट घेऊन तिने पहिलं विचारलं, "काय गळत होतं रे शेवटी, छोट्या?"

"पिन खराब होती, ताई. होतं असं."

त्याने झाकून घेतलं होतं. दाजींना तेवढ्यावर सुटता आलं असतं.

"मी गळत होतो," ते म्हणाले. आणि सगळं सांगितलं, संशयासकट. फक्त मिस्त्रीच्या मनात काय आलं होतं, तेवढं ठेवून.

ताई एकदा भावाकडे, एकदा नवऱ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या काळजीनेच मला घरी बसवणार होतात की तुम्ही. पेन द्या इकडे."

दाजींनी मुकाट्याने पेन दिलं. तिने ते आपल्या पर्समध्ये टाकून चेन ओढली.

गाडीत गार वारा सुटला. वाटेत तीन तासांनी दाजी चहाला उतरले आणि चहाकडे जाण्याऐवजी बॉनेटपाशी घुटमळले. आतून काचेवर टकटक झाली. ताई आडव्या सीटवरून पेन दाखवत होती. ते चहाकडे वळले.

पोचले तेव्हा बाळ जन्मून दहा मिनिटं झाली होती. लेकीने आईला बघितलं आणि तिला जो हुंदका फुटला, तो ताईने उशाशी बसून, भाजल्या हातांनी तिचं डोकं कुरवाळून शांत केला. "आले ना मी," एवढंच ती म्हणत राहिली.

दाजी कोपऱ्यात उभे होते. नर्सबाईंनी नात काट्यावर ठेवली. जुना, पारड्याचा काटा. दाजींचं बोट उठलं.

ताईने तिथूनच बघितलं.

"दोन किलो नऊशे," नर्सबाई म्हणाल्या.

दाजींचं बोट हवेत क्षणभर थांबलं, मग पारडं सोडून नातीच्या मुठीकडे गेलं. मुठीने ते घट्ट धरलं.

"असेल," ते म्हणाले. "बरोबरच असेल."