ताईच्या टाकीतली वाळू

वाळूवरून या बहीण-भावाचं जेवढं वाजलं, तेवढं घराच्या वाटणीवरूनही कुणाचं वाजत नसेल. ताईच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याच्या माशांची मोठी टाकी होती आणि तिच्या तळाशी बोटभर पांढरी वाळू. भावाची लाँड्री. सगळा जन्म डाग काढण्यात गेलेला. वाळूत साचलेली घाण बघून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तळ उघडा ठेव. नुसती काच. घाण दिसली की ओढून घ्यायची, विषय संपला!"

"टाकी आहे ती, तुझं धुलाई मशीन नाही," ताई म्हणायची, आणि झालंच मग सुरू.

ताई ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली, तेव्हा माशांना खायला घालायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. तो रोज दुपारी दुकान बंद करून यायचा. टाकीत एक लांबुडकी पिवळीधमक मासोळी होती. ताई तिला चिमणी म्हणायची. भावोजी गेल्यापासून ताई घरात मनातलं काही बोलत असेल, तर ते या चिमणीशीच. हे भावाला पक्कं ठाऊक होतं.

ताई घरी येणार त्या दिवशी पठ्ठ्या उजाडायच्या आतच तिथे हजर. टाकीचा आपोआप लागणारा दिवा अजून लागायचा होता. ती यायच्या आत तळ लख्ख करून ठेवायचा, मग बोल म्हणावं काय बोलायचं ते! त्याने बाह्या सरसावल्या आणि मगाने वाळू उपसायला घेतली. एक बादली मागच्या अंगणात ओतली, दुसरी भरून बाथरूममध्ये ठेवली. तळाची काच अशी चमकायला लागली की स्वारी स्वतःवरच खूश.

मग दिवा लागला. बाकीचे मासे दगडांमागून बाहेर आले. चिमणी काही येईना.

त्याने दगड हलवले, पंपामागे पाहिलं, सोफ्याखालीसुद्धा वाकून पाहिलं. शेवटी माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"दिवा लागायच्या आधी वाळू काढली?" दुकानदार ओरडलाच. "अहो शहाणे, तो मासा वाळूत शिरून झोपतो!"

त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. तो तसाच अनवाणी अंगणात धावला आणि गुडघे टेकून ओली वाळू चिवडायला लागला. आता ताईला काय तोंड दाखवू? आधीच एकटी, त्यात मीच हे करून ठेवलं!

शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय हरवलं हो? अंगठी?"

"मासा!"

काकूंनी खिडकी लावून घेतली.

अंगणातल्या वाळूत काही नव्हतं. तो बाथरूममध्ये गेला. बादलीतल्या वाळूवर वीतभर पाणी होतं. त्याने श्वास रोखून हळूच हात घातला. एकदा चाचपलं, दुसऱ्यांदा चाचपलं. आणि बोटांमधून काहीतरी सुळकन निसटलं. वाळूतून एक पिवळं डोकं वर आलं, झोपमोड झाल्यासारखं त्याच्याकडे बघत.

"अगं माझे बाई!" म्हणत तो तिथेच फरशीवर बसला आणि ढसाढसा रडला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग त्याने चिमणीला टाकीत सोडलं आणि बादलीतली वाळू मुकाट्याने परत तळाशी पसरली.

ताई आली. ती खुर्चीत टेकते न टेकते तोच त्याने सगळं ओकून टाकलं. अंगणातलं, काकूंचं, रडण्याचंसुद्धा. "कमी पडलेली वाळू उद्या नवी आणतो. स्वच्छ धुऊन आणतो. पण यापुढे उघड्या तळाचं नाव काढणार नाही!"

ताई टाकीकडे बघत राहिली. पाणी अजून गढूळ होतं आणि चिमणी काचेशी येऊन घुटमळत होती. ताईला हसू आवरेना. टाके दुखतील म्हणून तिने पोट घट्ट धरलं.

"मासा काय रे, दुकानात दुसरा मिळाला असता," ती डोळे पुसत म्हणाली. "ओल्या पँटनं बाथरूममध्ये बसून रडणारा भाऊ मला कुठे मिळणार होता?"